गाडीचा छोटा पार्ट शोरूममध्ये का मिळत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारा वर्षं मी एका अधिकृत डीलरच्या पार्ट्स काउंटरच्या आत उभा होतो. आता कराडला माझं स्वतःचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. एवढ्या वर्षांत लोक सगळ्यात जास्त हैराण झालेले पाहिले ते वीस रुपयांच्या क्लिपेपायी, आरशाच्या काचेपायी, दाराच्या आतल्या हँडलपायी. लाखोंची गाडी दारात उभी आणि बोटाच्या पेराएवढा तुकडा मिळत नाही, याचा मनस्ताप मला कळतो. रोज तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

काउंटरवाला "पार्ट नाही" म्हणाला. म्हणजे विषय संपला का?

नाही. त्या एका "नाही"चे निदान पाच अर्थ असतात, आणि तुमच्या वाट्याला कुठला आला हे विचारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

एक, आमच्या रॅकवर नाही. कंपनीच्या गोदामात असतो, मागवला की काही दिवसांत येतो. दोन, गोदामातही सध्या शिल्लक नाही, ऑर्डर टाकून वाट बघावी लागेल. तीन, सुट्टा येत नाही, पूर्ण असेंब्लीच, म्हणजे जोडलेला अख्खा संचच, घ्यावी लागेल. चार, त्या पार्टचं उत्पादनच बंद झालंय. या चारही "नाही"वर उपाय वेगवेगळे आहेत, ते पुढे सांगतो.

पाचवा अर्थ कुणी बोलून दाखवत नाही: मला आत्ता शोधायला वेळ नाही. सकाळी नऊ ते अकरा वर्कशॉपमधून जॉबकार्डांचा नुसता पाऊस पडत असतो. फिटर खिडकीत उभे, अ‍ॅडव्हायझर फोनवर, आणि त्यात कुणीतरी एक क्लिप मागतो. ती शोधायला कॅटलॉगमधली आठ-दहा चित्रं उघडावी लागतात. अशा वेळी माझ्याही तोंडून "नाही" निघून गेलेलं आहे, आणि त्याची मला आजही खंत वाटते. कारण तो माणूस खरंच तीस किलोमीटरवरून आलेला असायचा.

म्हणून दुपारी तीननंतर जा. तोच माणूस, तोच कॉम्प्युटर, पण उत्तर वेगळं मिळेल.

डीलर असले छोटे पार्ट ठेवतच का नाही?

कारण त्यात त्याचे पैसे अडकतात. एका मॉडेलला हजारो पार्ट नंबर असतात. डीलर ठेवतो ते रोज खपणारे: ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, वायपर, क्लच, बंपर. सनवायझरचं हूक वर्षातून एखादं खपतं. त्याला एक कप्पा, एक नंबर, वर्षाअखेरीस एक मोजणी. शिवाय बऱ्याच क्लिपा कंपनीकडून दहा किंवा वीसच्या पाकिटातच येतात. एक गेली की एकोणीस पडून राहतात. डीलरची ही अडचण खरी आहे. पण अडचण आहे म्हणून मागवूनही द्यायचं नाही, हे मला पटत नाही.

नखाएवढा बुश फुटला तर अख्खी केबल का घ्यायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, म्हणून जरा सविस्तर.

गिअर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत ज्या केबली जातात, त्यांच्या टोकाला प्लास्टिकचा किंवा रबराचा एक बुश असतो. अंगठ्याच्या नखाएवढा. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने तो कडक होतो, तडकतो, आणि एक दिवस गळून पडतो. मग लिव्हर मोकळा हलतो पण गिअर पडत नाही. खंबाटकी घाटात अशी उभी राहिलेली गाडी मी पाहिली आहे. घरची चार माणसं रस्त्याच्या कडेला, आणि बिघाड म्हणाल तर पन्नास रुपयांचा.

बऱ्याच मॉडेलांत या बुशला कॅटलॉगमध्ये स्वतंत्र नंबरच नाही. नंबर आहे तो पूर्ण केबल सेटला, आणि त्याची किंमत हजारांत. असं का? एक म्हणजे केबल बनवणारा कारखाना ती बुशासकट जोडूनच कंपनीला देतो. सुट्टा बुश विकायचा तर त्याला वेगळं पाकीट, वेगळा नंबर, वेगळी साठवण आली. दुसरं, वर्कशॉपला अख्खी केबल बदलणं सोपं. काम ठरलेल्या वेळात होतं आणि पुन्हा तक्रार येत नाही. तिसरं कारण पैशाचं. केबल विकली तर दोन पैसे सुटतात, बुश विकून काय सुटणार?

आमच्या धंद्यात असेंब्लीच्या पोटातल्या सुट्ट्या पार्टला "चाइल्ड पार्ट" म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. काउंटरवर सरळ विचारा, "याचा चाइल्ड पार्ट येतो का? स्क्रीनवरचं चित्र मला दाखवता?" बाहेरच्या आरशाचंच बघा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पूर्ण आरसा बदला म्हणेल, पण कितीतरी मॉडेलांत काच वेगळी येते, मागचं कव्हर वेगळं येतं, इंडिकेटर वेगळा येतो. हेडलॅम्पचा फक्त कान तुटला असेल तर काही गाड्यांसाठी दुरुस्तीचा ब्रॅकेट मिळतो, अख्खा दिवा घ्यावा लागत नाही. अ‍ॅडव्हायझरला हे ठाऊक असेलच असं नाही. त्याचं काम एस्टिमेट बनवण्याचं. पार्ट्सवाल्याला ठाऊक असतं. म्हणून थेट पार्ट्स काउंटर गाठा.

आणि चाइल्ड पार्ट खरंच येत नसेल, तर बुशसारख्या वस्तूला लेथ आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही एमआयडीसीजवळच्या चांगल्या लेथवाल्याकडे जुना बुश आणि केबलचं टोक घेऊन जा. नायलॉनच्या किंवा डेल्रिन या कडक प्लास्टिकच्या रॉडमधून तो वळवून देतो. नेमक्या मापाचा वळवला तर मूळ बुशापेक्षा जास्त टिकतो, हा माझ्या गिऱ्हाइकांचा अनुभव आहे.

काउंटरवर जाताना काय न्यावं?

चेसिस नंबर, तुटलेला तुकडा, आणि तो तुकडा जिथून निघाला त्या जागेचा फोटो.

चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि आरसीवर छापलेला असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणून उतरवून घेताना गोल दिसलं की शून्यच लिहा. नुसतं "२०१६ची स्विफ्ट" म्हणून भागत नाही. एकाच वर्षात पुरवठादार बदलतो, डिझाइन बदलतं, आणि जानेवारीच्या गाडीची क्लिप ऑक्टोबरच्या गाडीला बसत नाही.

डावं-उजवं हे ड्रायव्हरच्या सीटवर समोर तोंड करून बसल्यावरचं धरतात. लोक गाडीच्या पुढे उभे राहून उजवीकडचा दिवा सांगतात आणि डावा घेऊन घरी जातात. काउंटरवर "ड्रायव्हर साइड" किंवा "क्लीनर साइड" म्हणा, घोटाळा होणार नाही.

एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या गाडीतलं सनवायझर अडकवायचं हूक तुटलेलं. वायझर सारखं डोळ्यांसमोर लोंबायचं. तीन वेळा डीलरकडे जाऊन आले, तिन्ही वेळा "येत नाही" हेच ऐकलं. माझ्याकडे आले तेव्हा तो तुकडा पांढऱ्या रुमालात, सोन्याची अंगठी बांधावी तसा बांधून आणला होता. मी सनवायझरचं पान उघडलं, तिथे खरंच नव्हतं. मग छताच्या अस्तराचं पान उघडलं. तिथे होतं, कारण हूक बसतं छताला. तिघा जणांनी चुकीचं पान बघून "नाही" म्हटलं होतं. पाच दिवसांत पार्ट आला. गुरुजींनी दुकानासमोर गाडीतच बसून तो बसवला आणि वायझर दहा वेळा वर-खाली करून पाहिलं.

तेव्हा काउंटरवाल्याला हेही सुचवा: शेजारच्या भागाचं पान बघा. दाराच्या कार्डाची, म्हणजे आतल्या पॅनेलची, क्लिप कधी दाराच्या पानावर, कधी आतल्या ट्रिमच्या पानावर. पेट्रोलच्या झाकणाची केबल कधी बॉडीत, कधी सीटखालच्या लिव्हरबरोबर.

मला स्वतःला पार्ट नंबर शोधता येईल का?

येतो, आणि तेच सगळ्यात मोठं हत्यार आहे. "ती काळी क्लिप द्या" म्हणणाऱ्याला नकार देणं सोपं, नंबर सांगणाऱ्याला अवघड.

आधी तुकडा पालथा करून बघा. प्लास्टिकच्या बऱ्याच पार्टवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नंबर उमटवलेला असतो. तो कधीकधी साच्याचा किंवा पुरवठादाराचा असतो, तरी टिपून घ्या. जुनं सर्व्हिस बिल असेल तर त्यावर पार्ट नंबर असतातच. बूडमोसारख्या पार्ट विकणाऱ्या साइटवर मॉडेल निवडून किंवा नंबर टाकून शोधता येतं. खरेदी तिथून केली नाही तरी नंबर हाती लागतो.

नंबर थोडे वाचायला शिका. सुझुकीच्या नंबरात ०९ ने सुरू होणाऱ्या गोष्टी म्हणजे नट, बोल्ट, वायसर, क्लिप असला सामायिक माल. ०९४०९ ने सुरू झाला तर ती क्लिप. टोयोटात ९०४६७ म्हणजे क्लिप. असा सामायिक नंबर एका मॉडेलपुरता नसतो. तुमच्या गाडीच्या नावाने मिळाला नाही तरी दुसऱ्या मॉडेलच्या कप्प्यात तोच पडलेला असू शकतो. मारुतीच्या नंबरात शेवटच्या डॅशनंतरची तीन अक्षरं बहुधा रंगाची असतात. काळ्या रंगाचा नंबर शिल्लक नसेल आणि पार्ट दिसणाऱ्या जागी नसेल, तर दुसऱ्या रंगाचा चालतो का ते विचारा. मी करड्या रंगाच्या कितीतरी क्लिपा अशा खपवल्या आहेत, आणि गिऱ्हाईक खूश होऊन गेलं आहे.

"हा नंबर आता चालत नाही" असं म्हणाले.

मग नवा नंबर विचारा. कंपनी पार्टात किरकोळ बदल केला की जुना नंबर बंद करून दुसरा देते. कॅटलॉगमध्ये जुन्या नंबरापुढे नवा दिसतो. कधी नव्याचाही नवा निघालेला असतो, म्हणून साखळी शेवटपर्यंत तपासायला सांगा.

"गाडी वर्कशॉपला लावा, नुसता पार्ट देत नाही" हे बरोबर आहे का?

काही पार्टांच्या बाबतीत बरोबर आहे. किल्ली, लॉक सेट, इमोबिलायझर यांसाठी आरसी आणि ओळखपत्र मागतात, आणि मागायलाच हवं. उद्या चोर तुमच्या गाडीची किल्ली मागायला आला तर? एअरबॅगही काउंटरवरून न देणं शहाणपणाचं.

पण दाराची क्लिप द्यायला गाडी कशाला? नंबर सांगा, काउंटर सेल मागा, आणि नाहीच म्हणाले तर "हे मला ईमेलवर लिहून द्या" म्हणा. शांतपणे म्हणा, आवाज चढवू नका. लिहून द्यायची वेळ आली की मॅनेजर बाहेर येतो आणि बहुतेकदा पार्ट मिळतो.

ऑर्डरसाठी पूर्ण पैसे आधी मागतात. द्यावेत का?

छोट्या पार्टला द्या. मागवून गिऱ्हाईक फिरकलंच नाही असं फार होतं, आणि तो पार्ट डीलरच्या गळ्यात पडतो. मात्र पावती घ्या. तिच्यावर पार्ट नंबर, तारीख आणि अंदाजे किती दिवस हे लिहून घ्या. माझ्याकडे लोक दोन-दोन महिन्यांपूर्वीच्या "ऑर्डर टाकली आहे" या शब्दावर विसंबून राहिलेले येतात. चौकशी केली तर ऑर्डर पडलेलीच नसते. ऑर्डर पडली की सिस्टिममध्ये तिला नंबर मिळतो, तो मागून घ्या. गाडी अडून रस्त्यावर उभी असेल तर तसं सांगा. उभ्या गाडीसाठी तातडीची ऑर्डर वेगळी टाकता येते.

पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त घेतले तर?

घेता येत नाहीत. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. जादा मागितले तर पक्कं बिल घ्या, पाकीट जपून ठेवा आणि वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करा. आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्टवर २८ टक्के होता. जुन्या छापाचं पाकीट हातात आलं तर आजची किंमत काय, हे विचारून घ्या.

बाहेरून पार्ट घेतला किंवा बाहेरच्या गॅरेजला बसवला तर वॉरंटी जाते?

ही भीती लोकांच्या मनात पद्धतशीर घातली गेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात चौदा कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी: सुटे पार्ट आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात न देणं. बाहेरच्या गॅरेजला गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नका, असंही आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयांत रेंगाळलं. तरी त्या आदेशाने एक गोष्ट कागदावर आणली, की हे तुमचं एकट्याचं रडगाणं नाही.

व्यवहारात सांगतो. बाहेरून घेतलेल्या दाराच्या क्लिपेमुळे इंजिनची वॉरंटी जात नाही. पण बाहेरून वायरिंगला हात लावला आणि पुढे इलेक्ट्रिकल बिघाड झाला, तर कंपनी त्या बिघाडाची वॉरंटी नाकारू शकते. वॉरंटीतली गाडी असेल तर वायर कापू नका, एवढं पथ्य पाळा.

डीलर सोडून कुठे शोधायचं?

पुण्यात नाना पेठ. मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपासची पार्टची दुकानं, आणि जुन्या गाड्यांच्या मालासाठी कुर्ला. दिल्लीत कुणी ओळखीचं असेल तर काश्मिरी गेट, तिथे नाही ते कुठेच नाही असं आमचे जुने व्यापारी मानतात. आखातात नातेवाईक असतील तर जपानी आणि कोरियन गाड्यांच्या क्लिपा तिथून मागवणारेही लोक आहेत. वजन काहीच नसतं, सुट्टीवर येताना बॅगेत येतात.

नाना पेठेत गेलात तर पहिल्या मोठ्या दुकानात नकार मिळाला म्हणून परतू नका. तिथे एकेक दुकान एकेका गोष्टीचं असतं: कुणी फक्त रबर आणि बुश, कुणी फक्त काचा, कुणी फक्त दिवे. क्लिपांच्या दुकानात भिंतभर छोटे खण असतात आणि काउंटरवरचा माणूस तुमचा तुकडा बोटात फिरवून, डोळ्यांनी माप घेऊन, सरळ खण उघडतो. ना चेसिस नंबर, ना कॉम्प्युटर. ही विद्या चाळीस वर्षांत येते आणि तिच्याबद्दल मला फार आदर आहे.

कंपनीचा, ओईएम, लोकल: यांत फरक काय?

कार कंपनी बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाही. दिवे ल्युमॅक्ससारख्या कारखान्यातून येतात, शॉकअ‍ॅब्सॉर्बर गॅब्रिएलसारख्या, स्विच आणि हॉर्न मिंडासारख्या. तोच कारखाना स्वतःच्या नावाच्या खोक्यात तसाच पार्ट बाजारात विकतो, बऱ्याचदा कमी किमतीत. याला ओईएम मेकचा म्हणतात आणि तो निर्धास्त घ्या. लोकल म्हणजे तिसऱ्याच कुणीतरी साचा काढून बनवलेला. दाराच्या क्लिपेत लोकल चालतो, फार तर दोन जास्त घ्या. पण कंपनीच्या नावाचं नकली खोकं ही सरळ फसवणूक आहे. फिल्टर आणि ब्रेक पॅडमध्ये ती जास्त चालते. छपाई पुसट, एमआरपीचं लेबल नाही, बिल द्यायला टाळाटाळ, अशी लक्षणं दिसली की उठा.

छोटा आहे म्हणून काहीही चालवावं का? कुठे तडजोड करू नये?

ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट, एअरबॅग, सीएनजी आणि पेट्रोलची लाइन. इथे पार्ट कितीही छोटा असो, योग्य तोच घ्या. इंजेक्टरखालची ओ-रिंग घ्या: दिसायला नळाच्या वायसरासारखी. पण साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं, आणि मग गरम इंजिनवर पेट्रोल झिरपतं. दहा रुपये वाचवायची ही जागा नव्हे. भंगारातला सीटबेल्ट किंवा एअरबॅग तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

ऑइल ड्रेन प्लगचा वायसर मात्र प्रत्येक ऑइल चेंजला नवा घाला. किरकोळ किमतीचा असतो आणि सगळे विसरतात.

उंदरांनी कनेक्टर कुरतडला. पूर्ण वायरिंग बदला म्हणतात.

पावसाळ्यात हा प्रश्न आठवड्याला दोनदा येतो. शेतातले उंदीर उबेला बॉनेटखाली शिरतात. डीलर पूर्ण वायरिंग हार्नेस सांगतो, कारण सुट्टा कनेक्टर त्याच्या कॅटलॉगमध्ये नाही. बाजारात मात्र कपलर, म्हणजे हेच कनेक्टर, सुट्टे मिळतात, आतल्या पिनांसकट, कधी वायरीचं शेपूट जोडलेले. जुना कपलर कापून नमुना म्हणून न्या आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या. जोड डाग देऊन करायला सांगा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. नुसती चिकटपट्टी पहिल्या पावसात सुटते. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना मात्र बाहेर हात लावू देऊ नका. वायरिंगचं मोठं नुकसान असेल तर आधी विमा कंपनीला विचारा, मग कापाकापी करा.

बंपर काढून बसवला तेव्हापासून खडखडतो.

क्लिपा कमी लावल्या आहेत. बंपर काढताना निम्म्या क्लिपा तुटतात, आणि गॅरेजवाला उरलेल्यांवर भागवतो. विम्यातून काम होत असेल तर एस्टिमेटमध्ये क्लिपा, नटबोल्ट वेगळे लिहून घ्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घेतली तर तो वाचतो, आणि क्लिपा-वायसर बऱ्याचदा कन्झ्युमेबल, म्हणजे किरकोळ मालाच्या, कव्हरमध्ये येतात. गाडी ताब्यात घेताना बंपरच्या कडेवरून बोट फिरवा. फट सारखी नसेल तर तिथेच परत उघडायला लावा.

कंपनीच भारतातून गेली. आता काय?

शेव्हरोलेने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायची घोषणा केली. तळेगावात बनलेली शेव्हरोलेची बीट आणि रांजणगावात बनलेली फियाटची पुंटो आजही आमच्या भागात पळताना दिसते. मालकांचा जीव या गाड्यांवर आहे, आणि तो असावाच.

अशा गाडीला नात्यातल्या गाड्या शोधा. फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन मारुतीने परवान्यावर बनवून स्विफ्टमध्ये घातलं, टाटांच्या व्हिस्टातही ते होतं. त्यामुळे इंजिनाच्या आतला बराच माल मिळतो. बाहेरच्या पाइपा आणि वायरिंग मात्र मॉडेलनुसार वेगळं. डस्टर आणि टेरानो सख्ख्या बहिणी. लोगनचा माल व्हेरिटोच्या नावाने विचारा. पोलो, व्हेंटो आणि रॅपिड यांचं तर नातं जगजाहीर आहे.

फरक पडतो तो दिसणाऱ्या पार्टांत: दिव्याची काच, ग्रिल, दाराचं हँडल. ते सामायिक नसतात. त्यासाठी भंगारवाल्याशी आणि त्याच गाडीच्या मालकांच्या ग्रुपशी ओळख ठेवा. मुंबईच्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीचं उत्पादन थांबलं तरी शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. ती चालवली कुर्ल्याच्या दुकानांनी आणि मिस्त्रींच्या हातांनी.

तुटलेला पार्ट चिकटवता येईल? थ्रीडी प्रिंट?

पाठीमागची खूण वाचा. एबीएस, म्हणजे एक प्रकारचं कडक प्लास्टिक, असं उमटवलेलं असेल तर चांगला चिकटतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर फेविक्विक धरतच नाही. त्याला गरम करून जोडणारा प्लास्टिक वेल्डर गाठा.

थ्रीडी प्रिंटने एसीच्या व्हेंटची पट्टी, बटणाची टोपी, कप होल्डरचा तुकडा उत्तम होतो. पण पीएलए या स्वस्त प्लास्टिकचा करू नका. ते साधारण ६० अंशांना मऊ पडतं, आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून तापतो. एबीएस किंवा एएसए सांगा.

सगळं करून थकलो. तक्रार कुठे करू?

आधी डीलरच्या मॅनेजरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल. चेसिस नंबर, पार्ट नंबर, कोणत्या तारखेला काय उत्तर मिळालं, एवढंच लिहा. रागाची चार वाक्यं गाळा. माझ्या काउंटरच्या काळात कंपनीकडून डीलरला आलेली विचारणा आम्ही त्याच दिवशी निपटायचो, कारण तिचं उत्तर द्यावं लागायचं.

तिथे नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. तिथे कंपनीची सेवा आणि पार्टची माहिती बघता येते.

चाळीस रुपयांच्या पार्टसाठी आयोगात जावं का? गाडी त्यापायी महिनाभर उभी असेल तर जरूर जावं.

तुकडा हरवला, नंबर नाही, नमुना नाही. आता?

गाडीची दुसरी बाजू बघा. बहुतेक क्लिपा, टोप्या, रबरं डावी-उजवीकडे सारखीच असतात. चांगल्या बाजूची एक हलकेच काढा, रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो घ्या, भोकाचा व्यासही मोजा, आणि ती परत लावून टाका. दुसरी बाजूही गेली असेल तर तशीच गाडी असलेला शेजारी गाठा.

आणि तेही नसेल तर माझ्यासारख्या दुकानदाराला विचारा. माझ्या काउंटरखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. गिऱ्हाइकांनी नवा पार्ट घेतल्यावर मागे ठेवलेले तुटके तुकडे मी त्यात टाकतो. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: मॉडेल, साल, नंबर, कुठल्या पानावर सापडला. गुरुजींचं हूकही त्यात आहे. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय, "छताच्या अस्तरात बघणे."